मिरजेची जवारी, क्योतोची सावारी: तीन आठवड्यांच्या जपान-शिक्षणाचं एक प्रकरण

सांगलीत विश्रामबागेत मी संध्याकाळी जपानी भाषेचे वर्ग घेते. वर्गात येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना अॅनिमेची ओढ असते, काहींना नोकरीची. दर वर्षी एखाददुसरं मूल विचारतं, "मॅडम, थोड्या दिवसांसाठी जपानला शिकायला जाता येईल का?" या प्रश्नाला मी आधी घाईघाईनं उत्तर द्यायचे. २०२५ च्या उन्हाळ्यात माझी एक विद्यार्थिनी तीन आठवडे जाऊन आली. ती तयारी, तो खर्च, त्यातल्या चुका आणि हाती लागलेलं काम हे सगळं तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं इथं मांडते आहे. नाव मुद्दाम देत नाही.

मुलगी मिरजेची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वडिलांचं छोटं दुकान. चाचा तंतुवाद्यं बनवतात. तंबोरा आणि सतार म्हटलं की देशभरच्या गवयांना मिरज आठवतं. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा, तुणीचं लाकूड, लाखेचा वास, खुंट्या कोरताना उडणारा भुसा यांतच ही मुलगी वाढली. जपानी शिकायला मात्र ती आली होती अॅनिमेमुळं, आणि त्यात काही कमीपणा नाही.

प्रश्न कुठून आला

वर्गात एकदा बेन्झाइतेन या देवतेबद्दल बोलत होते. ही म्हणजे आपली सरस्वती. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे ती जपानात पोचली आणि तिथं तिच्या हातात वीणेच्या जागी बिवा हे वाद्य आलं. बिवाचं वादन मी मोबाइलवर ऐकवलं. तार छेडली की सुरामागं एक झणझणाट उठतो. ही मुलगी ताडकन म्हणाली, "मॅडम, याला तर जवारी आहे!"

तंबोऱ्याची घोडी, म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती पट्टी, सपाट दिसते, पण तिचा माथा अगदी हलक्या उतारानं घासलेला असतो. तार त्या उतारावर घासटत थरथरते आणि सुरातले वरचे स्वर फुलून येतात. हीच जवारी. घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवतात. तो नेमक्या जागी आला की जवारी खुलते. चाचांचा निम्मा दिवस या कामात जातो. जपानी वाद्यांत अशाच नादाला 'सावारी' म्हणतात. शब्द ऐकून मुलगी हरखली. दोन्ही एकच शब्द असणार, अशी तिची खात्रीच झाली. तिथं मला तिला थांबवावं लागलं. सावारी हा शब्द 'सावारु', म्हणजे स्पर्श करणं, या क्रियापदावरून आला आहे. आपल्याकडं जवारीचा संबंध 'जीव' या शब्दाशी जोडतात. उच्चार जुळतात म्हणून नातं जोडायचं नाही. नाद मात्र खरोखर जवळचा आहे. मग जपानी कारागीर तो कसा काढतो, हा प्रश्न तिच्या डोक्यात बसला आणि पुढं दीड वर्ष हलला नाही.

या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं काय असेल, तर हा एवढाच प्रश्न. तो नसता तर मी तिला जाऊ नकोस असंच सांगितलं असतं. तीन आठवड्यांत जपान 'कळत' नाही. तीन आठवड्यांत एका प्रश्नाचा पाठलाग करता येतो.

कोणते रस्ते बंद होते

शिष्यवृत्तीचा विचार सगळ्यांत आधी झाला आणि सगळ्यांत आधी संपला. जपान सरकारची जपानी भाषा-संस्कृतीच्या पदवी विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती साधारण वर्षभराची असते आणि मुख्य विषय तोच असावा लागतो. हिचा मुख्य विषय इतिहास. जासो या जपानी संस्थेची अल्पमुदतीची मदत आहे, पण त्यासाठी आपल्या संस्थेचा जपानी विद्यापीठाशी करार हवा. तिच्या कॉलेजचा तसा करार नव्हता. आपल्या राज्य सरकारची परदेशी शिक्षणाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी मिळते. काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला तिचा उपयोग नाही.

दुसरा रस्ता जपानी विद्यापीठांच्या उन्हाळी वर्गांचा. यातले बरेचसे जुलै-ऑगस्टमध्ये असतात. तेव्हा आपल्याकडं नवं सत्र सुरू झालेलं असतं आणि ७५ टक्के हजेरीची तलवार टांगलेली असते. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि आपलं जूनमध्ये, या एका गोष्टीमुळं आपल्याकडच्या मुलांचे कितीतरी बेत कोलमडतात. हे मुलांना कुणी आधी सांगत नाही.

तिसरा रस्ता एजंटानं दाखवला. दहा दिवसांची 'सांस्कृतिक अभ्यास सहल', २ लाख ७५ हजार. तोक्यो, क्योतो, ओसाका, पाऊण तासाचा चहाविधी, किमोनो घालून फोटो, शेवटी प्रमाणपत्र. वडिलांना हेच बरं वाटत होतं, कारण सोबतीला गाडी आणि माणूस असणार होतं. त्यांनी १५ हजार भरूनही टाकले. नंतर मी कागद वाचले तेव्हा कळलं, की भाषेचा एकही तास त्यात नव्हता. शिवाय कराच्या दृष्टीनं ही सहल म्हणजे परदेशी टूर पॅकेज. त्यावर तेव्हा पहिल्या रुपयापासून पाच टक्के टीसीएस (पैसे भरतानाच वसूल होणारा आगाऊ आयकर), म्हणजे आणखी १३ हजार ७५० रुपये. विवरणपत्र भरलं की ते परत मिळू शकतात, पण आधी हातातून जातात. शिक्षणासाठी थेट संस्थेला पैसे पाठवले तर २०२५-२६ मध्ये १० लाखांपर्यंत टीसीएस नव्हता. भरलेल्या १५ हजारांतले सहा हजार परत आले, तेही चार फोन आणि दोन फेऱ्या झाल्यावर.

राहिली ती भाषाशाळा. क्योतोतली एक शाळा दर सोमवारी नवे विद्यार्थी घेते, तीन आठवड्यांपासून पुढं. सकाळी चार तास भाषा, दुपार मोकळी, राहणं एखाद्या कुटुंबात. मोकळी दुपार हीच मला हवी होती.

आठ महिन्यांची तयारी

१ डिसेंबर २०२४ ला तिनं पुण्यात जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ ही सर्वांत खालची पातळी दिली. आदल्या रात्रीच्या महालक्ष्मीनं वडील तिच्याबरोबर गेले आणि भल्या पहाटे पुण्याच्या फलाटावर दोघांनी चहा घेतला. ती पास झाली. पण या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो. म्हणून जानेवारीपासून आम्ही तिची पुस्तकं बाजूला ठेवली आणि फक्त बोलणं चालू केलं.

मराठी मुलांना इथं एक फायदा आहे, तो सांगितलाच पाहिजे. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. ने, ला, त हे आपण शब्दाला मागून लावतो, तेही तसंच करतात. त्यांच्या अक्षरांची मांडणी अ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न अशी आहे, कारण ती संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घडली. मोठ्यांशी बोलायची भाषा वेगळी, हेही आपल्याला शिकवावं लागत नाही. आणि सर्वांत उपयोगी पडला तो हुंकार. समोरचा बोलत असताना जपानी माणूस सारखा "हाय, हाय", "ए, ए" म्हणत राहतो. नाही म्हटलं तर बोलणारा अडखळतो. कीर्तनाला बसलेली मंडळी किंवा गोष्ट ऐकणारी नातवंडं "हं" म्हणतात तेच हे. ही गोष्ट तिला एका दिवसात जमली.

मार्चमध्ये मी तिला सांगितलं, की आता चाचांकडं बस आणि जवारी काढण्याचं काम मराठीत लिहून काढ. पंधरा दिवस बसली. घोडी कोणत्या बाजूनं आधी घासायची, कानस कधी आणि काच कधी, दोरा कापसाचा की रेशमाचा, खर्जाच्या तारेला वेगळं काय करायचं. तिला वाटलं होतं की हे सगळं तिला माहीतच आहे. लिहायला बसल्यावर कळलं, की निम्म्या गोष्टींना घरात शब्दच नव्हता, नुसता हातवारा होता. चाचा वैतागायचे, "अगं, हे बघायचं असतं, लिवायचं काय त्यात?" तरी सांगत राहिले. त्या वहीची बत्तीस पानं झाली. माझ्या मते तिचा जपानचा अभ्यास क्योतोत सुरू झाला नाही, तो मिरजेत त्या बाकड्यावर सुरू झाला.

चाचांना तिच्याबरोबर एक जुनी, शिंगाची घोडी द्यायची होती. हरणाच्या शिंगाची वस्तू परदेशी नेणं वन्यजीव कायद्यात बसत नाही, हे त्यांना पटवायला एक पूर्ण संध्याकाळ गेली. शेवटी आबनुसाची घोडी गेली.

कागद आणि पैसा

९० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असल्यानं विद्यार्थी व्हिसा किंवा त्यासाठीचं पात्रता प्रमाणपत्र लागलं नाही. अल्प मुक्कामाचा व्हिसा पुरला. त्यावर तिथं काम करून पैसे मिळवता येत नाहीत. लांब मुदतीच्या विद्यार्थ्यांना परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येतं, ते ऐकून अनेक घरांत "तिथं कमवेल की" असा हिशेब धरतात. तीन आठवड्यांच्या बाबतीत तो हिशेब धरूच नये.

अडचण आली ती दुसरीकडंच. वडिलांचा व्यवहार रोखीचा, आयकर विवरणपत्र नाही. खर्च कोण करणार हे कागदावर दाखवणं भाग होतं. चाचांची तीन वर्षांची विवरणपत्रं होती, म्हणून ते खर्च उचलणारे झाले. मग ते सख्खे चुलते आहेत याचा पुरावा जमवा. त्यात आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर एक. प्रतिज्ञापत्र, तलाठी, फोटोकॉपी यांत एप्रिल संपला. मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाकडून व्हिसा आला तेव्हा विमानाला नऊ दिवस उरले होते.

खर्च असा झाला. येनचा भाव साधारण साठ पैसे धरला आहे. शाळेची फी १ लाख २ हजार येन, म्हणजे ६१ हजार रुपये. वीस रात्रींचं राहणं आणि दोन वेळचं जेवण ९० हजार येन, म्हणजे ५४ हजार रुपये. विमान ५८ हजार. पासपोर्ट, व्हिसा, विमा, तिथला प्रवास आणि दुपारचं खाणं मिळून ४५ हजार. एकूण २ लाख १८ हजार. ओसाकात १३ एप्रिलपासून जागतिक एक्स्पो सुरू होता, त्यामुळं त्या भागातल्या हॉटेलांचे दर चढलेले होते. कुटुंबात राहिल्यानं ती झळ लागली नाही. सात दिवसांचा रेल्वे पास घ्यायचा मोह मी तिला टाळायला लावला. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तो ५० हजार येनांचा झाला होता आणि एका शहरात राहणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

पैसे वडिलांनी भिशी उचलून एक लाख, चाचांनी ५० हजार, तिनं स्वतः शिकवण्या घेऊन जमवलेले २० हजार आणि उरलेले ४८ हजार आईच्या बांगड्या गहाण ठेवून असे उभे केले. बांगड्यांचं मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तर वर्षभर थांबा असं मी म्हटलं असतं, आणि आजही मला तेच वाटतं.

तिथं

१७ मे ते ६ जून. गोल्डन वीकची गर्दी उलटून गेलेली, पावसाळा तोंडावर. परतीची तारीख घरच्यांनी ठरवली, कारण ७ जूनला बकरी ईद होती. ओसाकात बुनराकुचा प्रयोग बघावा अशी माझी फार इच्छा होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं आणि कळसूत्री बाहुल्याही घडवल्या. त्या गावच्या मुलीनं बाहुल्या, गाणारा आणि शामिसेन हे तंतुवाद्य यांचं ते नाटक बघायलाच हवं होतं. नाही जमलं.

राहायला क्योतोजवळच्या उजीत, चहाच्या गावात, एका निवृत्त जोडप्याकडं. पहिला आठवडा खाण्यात गेला, आणि ती चूक माझी. वडिलांनी मला आधीच विचारलं होतं, "मॅडम, पैसे जातील ते जातील, पण पोरगी खाणार काय?" घरी हलाल पाळतात. मी शाळेला 'मांस नको, मासे चालतील' एवढंच कळवलं. स्वयंपाकातल्या दारूचा उल्लेख केला नाही. जपानी घरात माशाच्या रस्स्यात, भाजीत, अंड्यातसुद्धा मिरिन ही स्वयंपाकाची गोड दारू घालतात आणि अस्सल मिरिनमध्ये चौदा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. दुसऱ्या दिवशी तिनं बाटलीवरची अक्षरं वाचली आणि ती जेवेना, कारणही सांगेना. आजी घाबरल्या. तिसऱ्या रात्री तिनं मला फोन केला. तिकडं साडेबारा, इकडं नऊ. मी तिला चार वाक्यं लिहून दिली. सकाळी तिनं ती बोलून दाखवली आणि आजींनी त्याच दिवशी मिठात भाजलेला मासा, भात आणि मिरिन न घातलेलं अंडं केलं. दुसऱ्या रविवारी हिनं बरोबर नेलेल्या बेसनाचं आणि सांगलीच्या हळदीचं पिठलं केलं. आजोबांनी दोनदा वाढून घेतलं म्हणे.

शाळेत ती लिहिण्यात पुढं आणि ऐकण्यात मागं होती. क्योतोची बोली कानावर आली की पुस्तकी भाषा निम्मी गळून पडते. यावर मी काही तयारी करून घेतली नव्हती.

शामिसेन बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या तीन कारखान्यांना आम्ही मिरजेतूनच पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर आलं नाही. तिथं गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात शाळेतल्या एका शिक्षिकेनं ते पत्र वाचलं, भाषेतल्या दोन चुका सुधारल्या आणि सरळ आपल्या ओळखीच्या कारागिराला फोन लावला. दोन दिवसांत वेळ मिळाली. कोणी मध्ये असल्याशिवाय जपानी कारागीर अनोळखी माणसाला सहसा दार उघडत नाही. मिरजेत तरी वेगळं काय आहे? चाचांकडंही कुणाच्या तरी ओळखीनंच माणूस येतो. हे मला सुचायला हवं होतं.

पहिली भेट वीस मिनिटांची. तासगावचे बेदाणे दिले, वाकून नमस्कार केला, काम बघितलं, निघाली. कारागीर सत्तरी ओलांडलेले, मोजकं बोलणारे. निघताना तिनं आबनुसाची घोडी समोर ठेवली आणि चाचा दोरा सावकाश सरकवत असतानाचं ध्वनिमुद्रण फोनवर लावलं. आधी बंद आवाज, मग हळूहळू उघडत जाणारा. त्यांनी डोळे मिटून तीनदा ऐकलं. म्हणाले, परवा ये.

दुसरी भेट जवळजवळ तीन तासांची झाली. शामिसेनला तीन तारा. दोन तारा मानेच्या वरच्या टोकाला एका पट्टीवरून जातात, पण सर्वांत जाड तार त्या पट्टीवर चढत नाही. ती बाजूनं जाते आणि मानेच्या लाकडाला अलगद शिवते. त्या जागी लाकडात खोलगट घळ आणि पुढं बारीक उंचवटा कोरलेला असतो. तार त्या उंचवट्याला लागून झणझणते. म्हणजे तंबोऱ्यात जे खालच्या टोकाला घोडीवर घडतं, ते इथं वरच्या टोकाला घडतं. तंबोऱ्यात चारही तारांना जवारी. इथं एकाच तारेला सावारी, पण बाकीच्या दोन तारांवर जुळता सूर लागला की ही जाड तार आपोआप गुंजते. मग त्यांनी दुसरा शामिसेन उलटा केला. मानेच्या मागं एक छोटा स्क्रू होता. तो फिरवला की पुढचा उंचवटा केसभर वरखाली होतो आणि सावारी कमी-जास्त होते. याला ते 'आझुमा-झावारी' म्हणतात.

त्या रात्री तिनं मला केलेल्या फोनमध्ये पहिलं वाक्य होतं, "मॅडम, त्यांनी दोऱ्याचं काम स्क्रूवर दिलंय!"

परत आल्यावर

मराठीत अठरा पानांचा अहवाल झाला. हा क्षेत्र प्रकल्प म्हणून धरू, असं कॉलेजनं तोंडी सांगितलं होतं. लेखी आम्ही घेतलं नव्हतं. जूनमध्ये माणसं बदलली आणि श्रेयांक मिळाले नाहीत. पुढच्या मुलासाठी मी निघण्याआधी सहीचं पत्र घेणार आहे, आणि खाण्याबद्दलचा कागद जपानीत, पदार्थांच्या नावांसह देणार आहे. भिशी चालू आहे. बांगड्या दिवाळीत सुटल्या.

कारागिराला आभाराचं पत्र तिनं हातानं लिहिलं. चाचांनी त्यात आपला एक प्रश्न घालायला लावला: उंचवटा तारेपासून किती खाली ठेवायचा आणि घळ किती लांब? सप्टेंबरमध्ये उत्तर आलं. एका जाड कागदावर पेन्सिलचं चित्र आणि बाजूला मापं, जुन्या जपानी पद्धतीची, 'सुन' आणि 'बु'मध्ये. ती चाचांना समजावून सांगायला लागली, की एक सुन म्हणजे सुमारे ३.०३ सेंटिमीटर, त्याचा दहावा भाग म्हणजे बु, साधारण तीन मिलिमीटर. चाचांनी खिशातली घडीची पट्टी काढली. त्यांचं माप सूत, इंचाचा आठवा भाग, तेही तीन मिलिमीटरच्या किंचित वर. "म्हंजे सूतच की," असं म्हणून त्यांनी एका फुटक्या तंबोऱ्याची दांडी पुढं ओढली आणि चित्र बघून पेन्सिलीनं खुणा करायला घेतल्या.